उपवास सांगावा का?

रोजा ही इबादतीतली सर्वांत गुप्त गोष्ट आहे. नमाज पढणारा दिसतो. जकात निदान घेणाऱ्याला तरी कळते. हजला जाणाऱ्याच्या गळ्यात हार पडतात आणि निम्मा गाव त्याला गाडीत बसवून द्यायला येतो. रोजा मात्र कोणालाच दिसत नाही. दार लोटून घोटभर पाणी प्यायले तर जगात कोणाला कळणार आहे? म्हणूनच रोज्याचा हिशेब अल्लाहने खास स्वतःकडे ठेवला आहे, असा हदीसचा आशय आहे.

तरी आपण तो दिसता करतोच. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. रमजानमध्ये पाचवी-सहावीची मुले मधल्या सुट्टीत एकमेकांची जीभ तपासतात. पांढरी दिसली तर रोजा खरा, लाल दिसली तर हा ‘रोजाखोर’. लहान मुलाने पहिला रोजा ठेवला की रोजाकुशाई होते, नवे कपडे, हार, आणि उर्दू वर्तमानपत्रात फोटो. याच्या उलटही घडते. महिन्यातल्या ज्या दिवसांत बाईला रोजा माफ आहे, त्या दिवसांत ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून घाईघाईने चार घास खाते. शरीयतने जी सवलत उघडपणे दिली ती ती लपवते. म्हणजे असलेला रोजा मिरवायचा आणि नसलेलाही असल्यासारखा दाखवायचा. गुप्त इबादतीचे आपण हे करून ठेवले आहे.

मी हे सगळे पुन्हा नव्याने तपासू लागले ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आणि तेही दुसऱ्यांच्या उपवासामुळे. २० ऑगस्टला पोप लिओ चौदावे यांनी जगभरच्या कॅथलिकांना आवाहन केले की, शुक्रवार २२ ऑगस्टचा दिवस शांतीसाठी उपवास आणि प्रार्थनेत घालवावा. पॅलेस्टाइन-इस्रायलची पवित्र भूमी, युक्रेन आणि जगातले इतर युद्धग्रस्त प्रदेश त्यांच्या डोळ्यांपुढे होते. बी.एड.ला माझ्याबरोबर असलेली, संगमनेरकडची एक कॅथलिक मैत्रीण आहे. तीही शिक्षिकाच. तिचा फोन आला, “तू धरशील का गं शुक्रवारचा उपवास? दोघी मिळून करू.” मला लगेच हो म्हणता आले नाही.

पहिली अडचण साधी होती, फिकहची. ख्रिस्ती लोकांत शुक्रवार हा हजरत ईसांच्या क्रूसावरील मरणाचा वार, म्हणून प्रायश्चित्ताचा. आपल्याकडे शुक्रवार ही आठवड्याची ईद. तेवढाच एक दिवस वेगळा काढून नफ्ल रोजा ठेवणे हदीसमध्ये पसंत केलेले नाही. ठेवायचाच तर मागचा गुरुवार किंवा पुढचा शनिवार जोडावा. यावर उलेमांत थोडा मतभेद आहे, पण आमच्या घरात वाडवडिलांपासून जोडूनच ठेवतात. हे मी तिला सांगितले तेव्हा ती हसली. “म्हणजे आमच्या एकाला तुमचे दोन!” तिच्या चर्चच्या नियमाप्रमाणे उपवासाच्या दिवशी एक वेळ पूर्ण जेवण आणि दोन वेळा अगदी थोडे खाणे चालते, पाणी तर चालतेच. आपला रोजा पहाटेपासून मगरिबपर्यंत कोरडा. आणि मराठी मुलखात एकादशीला दुप्पट खाण्याची म्हण आहेच. इफ्तारचे आमचे दस्तरखान पाहिले तर ती म्हण आम्हालाही लागू पडेल.

दुसरी अडचण मोठी होती. जाहीर केलेला, तारीख ठरवलेला, बातमीत आलेला उपवास हा उपवास राहतो का? मजा अशी की हा आक्षेप घ्यायला मला इस्लामचा आधार घ्यावाच लागत नाही. तो खुद्द हजरत ईसांचाच आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात ते सांगतात की, उपवास करताना ढोंग्यांसारखे चेहरे उतरवून फिरू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळूही देऊ नका. प्रार्थनेबद्दलही तेच: खोलीत जा, दार लावून घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मध्ये हा भाग मी पूर्वी वाचला होता, आणि वाचताना वाटले होते की हे तर आमच्या मौलानांनी ‘रिया’वर, म्हणजे दिखाव्यावर, दिलेले बयान आहे. मग त्याच ईसांच्या अनुयायांचा सर्वांत मोठा धर्मगुरू एवढ्या मोठ्या चौकात उभा राहून उपवासाची दवंडी कशी पिटतो?

मैत्रिणीचे उत्तर असे की, एकट्याचा उपवास आणि लोकांचा उपवास यांत फरक आहे. जुन्या करारात संदेष्टे कर्णा वाजवून सगळ्या लोकांना उपवासाला बोलावतात. हे पटण्यासारखे आहे, कारण आपल्याकडेही तसे आहे. पाऊस लांबला की इस्तिस्काची नमाज गावाबाहेर उघड्या मैदानावर होते. त्याआधी लोकांनी रोजे ठेवावेत, खैरात करावी, एकमेकांचे दाबून ठेवलेले हक्क परत करावेत, भांडणे मिटवावीत, असे फुकहांनी लिहून ठेवले आहे. पूर्व जुन्नरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मला या क्रमाचे नेहमी नवल वाटते. आधी बांधावरून केलेली लबाडी परत करा, मग आभाळाकडे हात पसरा. (कुकडीच्या पाण्याचे वाद ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वाक्य जास्त कळेल.)

पण माझ्या शंकेचे खरे उत्तर मला आपल्याच एका प्रसिद्ध हदीसमध्ये मिळाले. ती मी शाळेत दर रमजानला मुलांना सांगते, पण या बाजूने तिच्याकडे कधी पाहिले नव्हते. रोजा ही ढाल आहे, असे तिथे म्हटले आहे. आणि पुढे: कोणी तुमच्याशी भांडायला आला, शिव्या देऊ लागला, तर त्याला सांगा की मी रोज्याने आहे. म्हणजे ज्या गोष्टीचा हिशेब फक्त अल्लाहकडे, ती तोंडाने सांगण्याची वेळ पैगंबरांनी (स.) दाखवून दिली, आणि ती वेळ भांडणाची आहे. मान मिळवण्यासाठी नाही, इफ्तारच्या निमंत्रणासाठी नाही. समोरचा अंगावर आलेला असताना. हे वाक्य मोठ्याने म्हणायचे की स्वतःच्या मनाशी, यावर विद्वानांनी चर्चा केली आहे. दोन्ही अर्थांत सार एकच राहते: ते वाक्य बोलणाऱ्याचेच हात बांधते. ‘मी रोज्याने आहे’ म्हणणारा ‘तू थांब’ म्हणत नाही. ‘मी तुझ्यासारखे वागणार नाही’ एवढेच तो म्हणतो.

जाहीर उपवासाकडे मी आता याच फूटपट्टीने पाहते. यात कोणाचे हात बांधले जात आहेत?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ मध्ये असे आवाहन केले तेव्हा अफगाणिस्तानवर बॉम्बफेक सुरू होती. त्यांनी निवडलेला दिवस १४ डिसेंबर हा होता, रमजानचा शेवटचा शुक्रवार. त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर साऱ्या जगात मुसलमानांकडे संशयाने पाहिले जात असताना कॅथलिकांच्या प्रमुखाने आपल्या माणसांना सांगितले की, मुसलमान रोज्यात आहेत, त्या काळात एक दिवस तुम्हीही उपाशी राहा. आदल्याच दिवशी आपल्या संसदेवर हल्ला झाला होता, त्यामुळे आपल्याकडे कोणाचे तिकडे लक्ष असण्याचे कारण नव्हते. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. हे सगळे पुष्कळ वर्षांनी वाचले आणि वाटले, हे त्या वेळी कोणी आम्हाला वर्गात सांगितले असते तर!

दुसरा प्रसंग इराकचा. ५ मार्च २००३, राखेचा बुधवार. त्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो आणि कपाळाला राख लावतात. पोपनी तो दिवस इराकच्या शांतीसाठी उपवासाचा ठरवला. त्याच दिवशी त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेटून युद्ध टाळण्याची विनंती करत होते. पंधरा दिवसांनी, २० मार्चला, बगदादवर बॉम्ब पडले. बुश स्वतःला धार्मिक ख्रिस्ती म्हणवणारे होते. उपवास कोट्यवधींनी केला असेल, ज्याने करायचा त्याने केला नाही.

इथे मला हजरत यूनुसांची (अ.) गोष्ट आठवते. ती बायबलमध्येही आहे आणि कुरआनमध्येही. ज्या निनवा शहराकडे ते पाठवले गेले ते इराकमध्येच, आजच्या मोसुलला लागून. कुरआन सांगते की, यूनुसांच्या कौमने ईमान आणले आणि त्यांच्यावरचा अजाब टळला. बायबलच्या कथेत तपशील जास्त आहे. तिथला राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट पांघरतो, राखेत बसतो आणि हुकूम काढतो की माणसांनीच काय, गुराढोरांनीही काही खाऊ नये. आणि प्रत्येकाने आपल्या हातून होणारा जुलूम सोडावा. या उपवासात विशेष काय? तो जुलूम करणाऱ्यांचा उपवास होता. पीडितांचा नव्हता, शेजाऱ्यांचा नव्हता. राजापासून सगळे त्यात होते. इराकमधले सिरियन परंपरेचे ख्रिस्ती लोक आजही दरवर्षी तीन दिवस निनवाचा उपवास पाळतात. मोसुलमधली नबी यूनुसांची दर्गाह २०१४ च्या जुलैमध्ये इस्लामचे नाव घेणाऱ्या आयसिसने स्फोटकांनी उडवली. उडवणारे पंचवक्ता नमाजी असतील, रोजेही ठेवत असतील. म्हणून नुसत्या उपवासाला मी पुण्य म्हणायला तयार नाही. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, हेही हदीसनेच सांगितले आहे.

मग गुन्हा ज्याच्या हातून घडत नाही त्याने उपाशी राहून काय होते? ७ सप्टेंबर २०१३ ला पोप फ्रान्सिस यांनी सीरियासाठी उपवासाचा दिवस जाहीर केला. त्या रात्री व्हॅटिकनच्या चौकात सुमारे लाखभर लोक प्रार्थनेला जमले होते. अमेरिका सीरियावर हल्ला करणार अशी चिन्हे होती. आठवड्याभरात रासायनिक शस्त्रांबाबत करार झाला आणि तो हल्ला टळला. पण सीरियातले मरण थांबले नाही. त्या वेळच्या ग्रँड मुफ्तींनी पोपच्या आवाहनाचे स्वागत केले होते, आणि हे मुफ्तीसाहेब बशर अल-असद यांचे उघड समर्थक होते. शांतीची दुआ जुलमी सत्तेलाही सोयीची असू शकते. तिला हवे तेवढेच ती ऐकते. असद यांची सत्ता गेली ती थेट ८ डिसेंबर २०२४ ला. उपवासाने युद्ध थांबते असे म्हणणाऱ्याला मी तारखा दाखवीन. उपवास फुकट गेला असे म्हणणाऱ्याशी मात्र मी भांडेन, कारण लाखभर माणसे निदान त्या रात्री आपल्या बाजूच्या बॉम्बसाठी टाळ्या वाजवत नव्हती.

आपल्या देशात उपवासाचा इतिहास वेगळा आहे. इथे उपवास म्हटला की प्रार्थनेआधी दबाव आठवतो. पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी २० सप्टेंबर १९३२ ला प्राणांतिक उपवास सुरू केला आणि २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. त्या चार दिवसांत डॉ. आंबेडकरांवर काय ओझे होते हे त्यांनी पुढे कठोर शब्दांत लिहून ठेवले आहे. एका माणसाच्या भुकेपुढे एका समाजाचा हक्क तोलला गेला. १९३९ च्या राजकोटच्या उपवासात जबरदस्तीचा अंश होता हे स्वतः गांधीजींनीच नंतर कबूल केले. दुसरीकडे साने गुरुजी. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस प्राण पणाला लावले. दबाव तोही होता, पण त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो कुलूप लावून बसलेल्यांवरचा दबाव होता. माझी फूटपट्टी इथे तोकडी पडते, हे खरे.

ख्रिस्ती धर्मगुरूंच्या शांती-उपवासांशी जवळचे नाते सांगणारा आपल्याकडचा प्रसंग म्हणजे १९२४ चा. कोहाटच्या दंगलीनंतर गांधीजींनी दिल्लीत हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास केला, आणि तो सुरू केला मौलाना मोहम्मद अलींच्या घरी. यजमानाला आधी विचारले नव्हते. ज्याच्या घरात पाहुणा उपाशी आहे त्या घरातल्यांना घास कसा गिळला असेल, याची मला जास्त काळजी वाटते. पण त्या उपवासाची भाषा ‘अमुक करा, नाहीतर मी मरतो’ अशी नव्हती. दिवस आधीच मोजलेले होते. तो प्रायश्चित्ताचा होता. त्या दरम्यान दिल्लीत ऐक्य परिषद भरली, तिला कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट आले. सी. एफ. अँड्र्यूज तर गांधीजींच्या उशाशीच होते. ८ ऑक्टोबरला उपवास सुटला तेव्हा इमामसाहेबांनी सूरह फातिहा पढली, अँड्र्यूजनी क्रूसावरचे एक भजन गायिले आणि आपल्या कोकणातल्या गागोद्याच्या विनोबांनी उपनिषद म्हटले. हे आज वाचताना शंभर वर्षांपूर्वीची नव्हे, दुसऱ्याच कुठल्या देशाची हकीकत वाटते.

आता अलीकडे येऊ. २००८ च्या ऑगस्टमध्ये ओरिसातल्या कंधमालमध्ये ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले. कॅथलिक बिशपांनी दोन गोष्टी केल्या. २९ ऑगस्टला देशभरातल्या आपल्या शाळा-कॉलेजे निषेध म्हणून बंद ठेवली आणि ७ सप्टेंबर हा प्रार्थना व उपवासाचा दिवस ठरवला. शाळा बंद ठेवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. तरी शिक्षिका म्हणून मला दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. बंदमध्ये दुसऱ्याच्या मुलाचा दिवस जातो. उपवासात आपल्या पोटाला चिमटा बसतो. मणिपूरमध्ये २०२३ च्या मे महिन्यात हिंसाचार उसळला, तेव्हा २ जुलैचा रविवार त्यांनी असाच प्रार्थनेसाठी दिला.

पण २०१८ मध्ये काय झाले? दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी ८ मेच्या पत्रात आपल्या चर्चेसना लिहिले की, देशाचे राजकीय वातावरण अशांत आहे, पुढच्या वर्षी निवडणूक आहे, तेव्हा देशासाठी प्रार्थना करा आणि दर शुक्रवारी निदान एक वेळचे जेवण सोडा. केवढा गदारोळ झाला! सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी आक्षेप घेतले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या. एका समाजाने आठवड्यातून एकदा न जेवण्याने सरकारला एवढे का टोचावे? कारण देशासाठी दुआ मागणे म्हणजे देशाला काहीतरी झाले आहे असे म्हणणे. आजारी नसलेल्यासाठी कोणी शिफाची दुआ मागत नाही. आर्चबिशपांनी प्रार्थनेला निवडणुकीची तारीख जोडली नसती तर बरे झाले असते असे मला वाटते. तारीख जोडली की दुआचे पत्रक होते. पण आक्षेप घेणाऱ्यांना तारखेचा नव्हे, निदानाचा राग आला होता.

अल्पसंख्याकाच्या शांतीची ही पंचाईत आम्हाला घरच्यासारखी ओळखीची आहे. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. आमच्यातले चार प्रतिष्ठित जातात, चहा पितात, सही करून येतात. त्या बैठकीतल्या ‘शांतता’ या शब्दाचा अर्थ वर्गात मी ज्या अर्थाने ‘शांतता!’ म्हणून ओरडते तोच असतो. गप्प बसा. ख्रिस्ती लोक प्रार्थनेत ‘शांती’ म्हणतात. उर्दूत आम्ही ‘अमन’ म्हणतो, त्याचे मूळ भीती नसण्यात आहे. गप्प बसलेला माणूस निर्भय असतोच असे नाही. म्हणून शांतीसाठी उपवास करणाऱ्याने आधी ठरवले पाहिजे की तो यांतले काय मागतो आहे.

२९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी ठरवले की, ईदची नमाज त्या दिवशी, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहे, त्यामुळे धर्माला कुठेच बाध येत नव्हता. तो आमचा जाहीर उपवासच होता असे मी म्हणेन. आपल्या हक्काची गोष्ट एक दिवस पुढे ढकलून सांगायचे की, आम्ही आज रोज्याने आहोत. बातम्या आल्या, कौतुक झाले, बरे वाटले. पण ज्या दिवशी हे कौतुक ‘यांनी दरवेळी असेच केले पाहिजे’ या अपेक्षेत बदलेल त्या दिवशी त्यातली इबादत संपेल. हात आपले आपण बांधले तर रोजा; दुसऱ्याने बांधले तर ती नुसती दोरी.

आमच्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी मातीच्या थरांमध्ये राखेचा एक थर आहे. जगभरातले शास्त्रज्ञ तो पाहायला येऊन गेले आहेत. ती ज्वालामुखीची राख आहे, आणि ती आली कुठून तर इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरच्या टोबातून, तीन हजार किलोमीटरहून लांबून. टोबाचा नेमका कोणता उद्रेक, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा की त्याहून फार जुना, यावर त्यांच्यात बरीच वर्षे वाद चालला आहे. ‘गाझाचे तुम्हाला इथे काय पडले आहे?’ असे मला विचारणारे भेटतात. सहकारीही विचारतात, आणि तो प्रश्न नुसता चौकशीचा नसतो. मी त्यांना नदीवर घेऊन जावे असे मनात येते. लांबचा स्फोट लांबच राहील असे कोणी सांगितले?

२२ ऑगस्ट २०२५ बद्दल एक गोष्ट मला संध्याकाळी कळली, तोवर दोघींचाही उपवास चालूच होता. जगातल्या अन्नटंचाईची प्रतवारी करणारी आयपीसी ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा आहे. तिने नेमक्या त्याच दिवशी गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचे जाहीर केले होते. तो पावसाचा दुष्काळ नव्हे, अन्न न मिळण्याचा. गाझा पट्टीतले पाच लाखांहून अधिक लोक उपासमारीच्या शेवटच्या पायरीवर असल्याचे तिने म्हटले. इस्रायलने तो निष्कर्ष फेटाळला. मी बातमी वाचत होते आणि समोर खजुराची वाटी होती.

आपल्या भाषेत उपवास आणि उपासमार एकाच घरचे शब्द आहेत. पण उपवास करणाऱ्याला मगरिब कधी आहे ते माहीत असते. जंत्रीत मिनिटासह छापलेले असते. उपासमार होणाऱ्याच्या जंत्रीत मगरिबच नसते. तिकडे आई लेकराला पाण्यावर झोपवते आहे आणि इकडे आपण ‘त्यांच्यासाठी’ एक जेवण सोडतो, यात एक क्रूर विनोद आहे, हा विचार त्या संध्याकाळी माझ्या डोक्यातून जाईना. मैत्रिणीला फोन करून मी तसे म्हटलेही. ती गप्प राहिली. मग म्हणाली की, यशया संदेष्ट्याने हेच विचारले आहे: देवाला कसला उपवास हवा? गोणपाटात लोळण्याचा, की बंदिवानाच्या बेड्या सोडण्याचा आणि आपल्या भाकरीतली भाकरी भुकेल्याला देण्याचा?

आणि आपल्याकडे फिदिया आहे. आजारपणामुळे किंवा वयामुळे ज्याला रोजा कधीच ठेवता येणार नाही, त्याने रोज्याऐवजी एका गरिबाला जेवू घालायचे. एका रोज्याची किंमत एका माणसाचे जेवण, असा हिशेबच कुरआनने घालून दिला आहे. जेरुसलेमचे कॅथलिक प्रमुख कार्डिनल पिझ्झाबल्ला यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये पत्रकारांनी विचारले की, हमासने ओलीस ठेवलेल्या मुलांच्या बदल्यात तुम्ही स्वतः जाल का. ते म्हणाले, मुले घरी येणार असतील तर माझी कसलीच अडचण नाही. दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, त्यांनी आपल्या लोकांना उपवासाला बसवले. ज्याने आदल्या दिवशी स्वतःला देऊ केले त्याच्या उपवासाची दवंडी मला ढोंग वाटत नाही.

मी गुरुवार आणि शुक्रवार असे दोन रोजे ठेवले होते, तिने एक जेवण सोडले होते. फिदियाच्या हिशेबाने तीन माणसांची जेवणे झाली. ते पैसे कुठे द्यायचे यावर आमचे एकमत होईना. तिचे म्हणणे, तिच्या चर्चमधून मदत बाहेर पाठवतात, तिकडे जावेत. माझे म्हणणे, गाझापर्यंत ते पोहोचतील की नाही कोण जाणे, आमच्या शाळेत सकाळी उपाशी येणारी पोरे आहेत. तिने तिकडच्या पेटीत टाकले. मी सोमवारी इकडे केळी आणली. मुलांना कशाबद्दल ते सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही, सालींवरून भांडण तेवढे झाले.